सरळ खाचेचे स्क्रू

प्रिय मलर,

कागदावरचं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो: तुझे अप्पा ठणठणीत आहेत, मी ठणठणीत आहे, घरही उभं आहे. (यापुढे अप्पांना मामाच म्हणतो, सासऱ्यांसाठी तोंडात तेच बसलंय.) आठ वर्षांच्या संसारात हे माझं पहिलं पत्र. लग्नाआधी एक पाठवलं होतं, पण ते छापून काढलेलं होतं आणि त्यावर तू 'समास छान सोडलेत' एवढंच कळवलं होतंस. हाताने लिहायची सवय इतकी मोडलीय, की आत्ता वरच्या ओळीत एक शब्द चुकला तर बोट आपोआप कागदाच्या कोपऱ्यात खोडायचं बटण शोधायला गेलं. तुझ्या ऑफिसातली रेवती गुरुवारी नागोयाला निघते आहे. तिच्याकडे दोन किलो मुरुक्कू, तिखटाची पूड आणि हे पत्र दिलंय. आधी पत्र दे, मग मुरुक्कू, असं बजावलंय. ती उलटं करणार हे गृहीत धरून मुरुक्कू खात खातच वाच. तोंडात काही असलं की तुझा राग निम्म्यावर येतो.

फोनवर का नाही सांगितलं, असं विचारशीलच. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस, म्हणून. कागदाला मधेच तोडता येत नाही, हा त्याचा एक गुण मला पस्तिसाव्या वर्षी कळला.

तू निघालीस त्याच्या आदल्या दिवशीचं आठव. पोंगल नुकता झाला होता. मागच्या आडी महिन्यात मामांना गावी, सूरपाळयमला, पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी चक्कर आली आणि ते दोन तास तसेच मातीत पडून होते, हे तुझ्या मनातून गेलेलं नव्हतं. शेजारचे आरुच्चामी नारळ मोजायला आले म्हणून मामा त्यांना दिसले तरी. त्यानंतर आपण त्यांना कोइंबतूरला, आपल्या सातव्या मजल्यावर आणलं, आणि ते जरा रुळतात न रुळतात तोच कंपनीने तुला वर्षभरासाठी जपानला धाडायचं ठरवलं. तू आम्हा दोघांना हॉलमध्ये समोरासमोर बसवलंस आणि शाळेतल्या बाई घेतात तसा एकेकाकडून शब्द घेतलास. मामांनी 'मी येईपर्यंत गावी जायचं नाव काढायचं नाही'. मी 'त्यांना एकटं सोडायचं नाही'. दोघांनीही मान डोलावली. मामांच्या डोलावण्याकडे मी नीट बघायला हवं होतं. माणूस दिलेला शब्द पाळणारा आहे, पण चौतीस वर्षं वीज मंडळात काढलेला आहे. नियमातला कोणता शब्द कुठे सैल आहे, हे त्यांना बरोबर कळतं.

आपलं घर तुला माहीत आहेच. मी ते हुशार करायला घेतलं तेव्हा तू म्हणाली होतीस, की आधी घरातल्या माणसाला कर. मी ऐकलं नाही. तू गेल्यावर तर मला रानच मोकळं मिळालं. दिवसभर एका विमा कंपनीच्या वेबसाइटचं एकच पान सुधारत बसणारा माणूस मी. चार वर्षं झाली, त्या पानावर जन्मतारीख लिहायची चौकट आहे, तिचं काम माझ्याकडे आहे. चार वर्षांत ती चौकट तीनदा डावीकडे आणि तीनदा उजवीकडे गेली. अशा माणसाला संध्याकाळी घरातला दिवा आपल्या शब्दावर लागला, की केवढं समाधान होतं हे तुला कळणार नाही. तुझ्या कंपनीचे पंप पाणी वर चढवतात. माझं काहीच कुठे चढत नाही.

तर दाराला बोट लावून उघडायचं कुलूप बसवलं. माझं बोट लागलं, स्वयंपाकाच्या बाईंचं लागलं. मामांचं लागेना. दहाही बोटं लावून पाहिली. चौतीस वर्षं तारा ओढून ओढून त्या बोटांवरच्या रेषाच पुसून गेल्यात. कुलूप दर वेळी गोड आवाजात म्हणायचं, 'आपली ओळख पटली नाही.' अकराव्या वेळी मामा त्याला म्हणाले, "हरकत नाही. माझीही तुमच्याशी ओळख नाही." मी हसलो. खूप हसलो, आणि त्यांना आकड्यांनी दार उघडायला शिकवलं. तेव्हा मला ते नुसतं विनोदी वाटलं होतं.

मग पंखा. त्याच्याशी बोललं की तो ऐकतो. म्हणजे माझं ऐकतो. मामा आयुष्यात कुणाला एकेरीत बोललेले नाहीत, शेळीलासुद्धा 'या' म्हणतात. ते पंख्याखाली उभे राहून विचारायचे, "जरा हळू फिरता का?" पंखा ढिम्म. मी सांगितलं, की मामा, नुसतं 'पंखा, दोन' असं म्हणायचं. त्यांना ते जमेना. कुणाला असं खडसावणं त्यांच्या जिभेवरच येत नाही. शेवटी त्यांनी टॉवेलने वारा घेणं पत्करलं. फरशी पुसत फिरणारी ती गोल तबकडी आली, की ते खाटेवर पाय वर घेऊन बसायचे आणि ती जाईपर्यंत बोलायचे नाहीत. मला वाटायचं भितात. एकदा विचारलं तर म्हणाले, कामावरच्या माणसाला बोलण्यात गुंतवू नये.

पंगुनी महिना लागला, ऊन तापलं आणि घर बिघडायला लागलं. पहिल्या दिवशी सकाळी बरोबर दहा वाजता, माझी रोजची मीटिंग सुरू होते त्या ठोक्याला, हॉलचा दिवा गेला, पंखा थांबला, आणि पडद्यावरच्या आमच्या मॅडम तोंड उघडं ठेवून गोठल्या. दोन मिनिटांनी सगळं पूर्ववत. मला वाटलं, असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी तबकडी हॉलच्या मधोमध एकाच जागी गरगर फिरत राहिली. तिसऱ्या दिवशी कुलपाने मलाच 'ओळख पटली नाही' सांगितलं, आकडेही घेईना, आणि मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून सातव्या मजल्याच्या जिन्यात अर्धा तास बसलो. आतून मामांनी दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका गंभीर होता, की मीच त्यांना धीर दिला.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला चूक दिसली, की तो पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतो, दुसऱ्यांदा दुसऱ्याने लिहिलेल्या भागावर, आणि सगळीकडून हरला की नशिबावर. घरातल्या माणसावर संशय घ्यायचं आम्हाला कुणी शिकवत नाही. मी सगळं परत लिहून काढलं. सुट्टी टाकून लिहिलं. आणि रोज संध्याकाळी कॉफी घेताना मामांना सगळी हकिगत सांगायचो: आज अमुक ठिकाणी चूक असेल असं वाटलं, ते दुरुस्त केलं, आता दहाच्या मीटिंगला काही होणार नाही. ते पितळी डबऱ्यातून पेल्यात कॉफी ओतत फार लक्ष देऊन ऐकायचे. "मग दुपारचं बघितलंत का?" असं विचारायचे. दुसऱ्या दिवशी दहा वाजता खरंच काही व्हायचं नाही. व्हायचं ते दुपारी तीनला. मलर, तीन आठवडे मी चोराला रोज पहाऱ्याची वेळ सांगत होतो, आणि वर त्याच्या शहाणपणाचं मला कौतुक वाटत होतं.

अधूनमधून ते सहज म्हणायचे, "माझ्यामुळे तर काही होत नाही ना? घरात माणूस वाढलं, की भार वाढतो. गावी होतो तेव्हा तुमचं सगळं नीट चालायचं." मी म्हणायचो, छे छे मामा, भलतंच काय. ते उसासा टाकायचे. तो उसासा मला त्यांच्या काळजीचा वाटायचा. आता कळतं, तो माझ्या मंदपणाचा होता.

शेवटी पकडले गेले ते स्वतःच्या सफाईमुळे. एका रविवारी मी हॉलचा स्विचबोर्ड उघडायला पेचकस घेऊन बसलो आणि हात तसाच थांबला. झाकणाचे चारही स्क्रू असे बसवलेले, की त्यांच्या खाचा अगदी उभ्या, एका रेषेत. हा बोर्ड मीच बसवला होता, आणि माझ्या हातचे स्क्रू गर्दीतल्या माणसांसारखे चार दिशांना तोंडं करून असतात. झाकण काढलं. आत माझ्या तारांचं जे जंजाळ होतं, ते वेणी घातल्यासारखं विंचरून बांधलेलं. त्यात माझी नसलेली एक बारीक तार. ती भिंतीच्या पट्टीमागून निघालेली, दर वितीवर चिमटा, कोपऱ्यावर काटकोनात वळवलेली, कुठे लोंबणं नाही, कुठे ओरखडा नाही. तिच्यामागून रांगत रांगत मी मामांच्या खोलीत पोचलो. खाटेच्या लाकडाला खालून एक लहानसं पांढरं बटण, उशीजवळ, हात सोडला की बोट बरोबर त्यावर पडेल असं.

ते इंटरनेटच्या डबीचं बटण होतं. नुसतं तेवढंच. सगळं हुशार घर एका डबीवर लोंबकळतंय, हे त्यांनी ओळखलं होतं. पंखा, दिवा, कुलूप, तबकडी, सगळ्यांची अक्कल त्या एका ठिकाणाहून येते. ती मिनिटभर बंद केली, की सगळे एकदम वेडे होतात आणि मी माझ्या प्रोग्रॅममध्ये उवा शोधत बसतो. मी जे उभारलं ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळलं होतं. खाटेखाली पालथा पडल्या पडल्या मला आधी राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, आधी मत्सर वाटला. इतकं स्वच्छ काम मी उभ्या जन्मात केलेलं नाही.

मी त्या दिवशी बोललो नाही. सोमवारी दहाच्या मीटिंगला लॅपटॉप घेऊन त्यांच्याच खाटेवर जाऊन बसलो. मामा दारात आले, मला बघितलं, माझा खाली सोडलेला हात बघितला, आणि खुर्ची ओढून बसले. मीटिंग संपली. मग मी विचारलं, "स्क्रू सरळ का लावलेत मामा?"

ते म्हणाले, "वाकडे कसे लावणार?"

एवढंच. मग खिडकीकडे बघत: "पोरीला शब्द दिलाय. जायचं नाव मी काढणार नाही. पण जावईबापू, तुम्हीच कंटाळून जा म्हणालात, तर मी काय करणार? मोठ्या माणसाचं ऐकावं लागतं." मी मोठा माणूस! मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. म्हणाले, आयुष्यभर उजेड आणायचं काम केलं, घालवायचं पहिल्यांदाच करतोय, आणि तेही मला नीट जमत नाही, कारण तुम्ही वैतागतच नाही. तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या आठवड्यात सासऱ्याला बसमध्ये बसवलं असतं. मी म्हटलं, इथे काय कमी आहे ते तरी सांगा. तेव्हा जे म्हणाले ते तुला जसंच्या तसं सांगतो.

"कमी काही नाही. पण इथं मी कुणाला लागत नाही. दार मला ओळखत नाही, पंखा माझं ऐकत नाही. तिकडे अजून कुणाची मोटार चालेना झाली, की माझ्याच अंगणात येऊन हाक मारतात. मी पडेन म्हणून पोरीला भीती वाटते. पडेन कदाचित. पण इथं मी रोज खाटेवर पडूनच आहे की."

मग उठून, मी काही बोलायच्या आत, पेचकस घेऊन त्यांनी ती तार काढायला सुरुवात केली. चिमटे एकेक करून माझ्या हातात देत होते. सोळा निघाले. भिंतीवरची भोकं चुना लावून बुजवली. संध्याकाळी बटणसुद्धा पुसून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, विकत घेतलेलं आहे, तुमच्या सामानातून काही घेतलं नाही.

त्यानंतर आठ दिवस घरात काहीही बिघडलं नाही. दहाला दहाची मीटिंग, तीनला तीन. सगळं शहाण्यासारखं चाललं होतं आणि मामा खाटेवर पाय वर घेऊन बसले होते, तबकडी नसतानाही. आता मला सांग, मी काय करायला हवं होतं?

मी त्यांना म्हटलं, नारळ उतरवायचे आहेत, दोन दिवस जाऊन येऊ. हे मी म्हटलं. त्यांनी नाव काढलं नाही, एवढं ध्यानात घे. पोळ्ळाचीची बस, तिथून दुसरी. फाट्यावर उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत, दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. तिघांनी अडवलं. एकाचा पंप जळला होता, एकीच्या ग्राइंडरचा शॉक बसत होता, एकाला नुसतं सांगायचं होतं की तुम्ही नसताना नवीन लाइनमनने खांब तिरका रोवलाय. मामांनी तो खांब जाऊन बघितला. मान हलवली. इतकं खूश मी त्यांना आपल्या लग्नातही बघितलं नव्हतं.

दोन दिवसांचे चार झाले. मी माझा शब्द विसरलो नव्हतो: एकटं सोडायचं नाही. म्हणून मीही तिथेच राहिलो. लॅपटॉपला सिग्नल फक्त पाण्याच्या टाकीवर मिळतो, तर मी टाकीवर छत्री लावून बसतो. मीटिंगमध्ये मोर ओरडतात. मॅडमनी विचारलं, हा कसला आवाज? मी म्हटलं, शेजारी लहान मूल आहे. आता त्या रोज मुलाची चौकशी करतात.

पण कायमचं काय, हा प्रश्न होताच. मी त्यांना पडलं की कळवणारं घड्याळ, अंगणात कॅमेरा, दाराला हालचाल टिपणारी पट्टी, असं सगळं कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि अंगणात एक खांब रोवला. सरळ. त्यावर लाल बल्ब. सकाळी सहाला लावायचा, सातला बंद. संध्याकाळी पुन्हा तसंच. समोरच्या शेतापलीकडे आरुच्चामींच्या बायकोची, वळ्ळियम्मांची चूल आहे, तिथून तो खांब दिसतो. दिवा लागला नाही तर यायचं. बस. मी म्हटलं, मामा, याला काय व्यवस्था म्हणतात? ते म्हणाले, बघू.

खांब रोवल्यावर नवव्या दिवशी सकाळी दिवा लागला नाही. मी टाकीवर दात घासत होतो. बघतो तर वळ्ळियम्मा हातात उलथनं घेऊन बांधावरून पळत येताहेत, मागे आरुच्चामी कोयता घेऊन, त्यांच्या मागे देवळातला ढोलवाला, त्याला कशासाठी आलोय हेच माहीत नव्हतं. चार मिनिटं लागली, मी मोजली. मामा तोंडाला साबण लावून दाढी करत बसले होते. बल्ब उडाला होता. लाइनमनच्या अंगणातला बल्ब उडाला आणि अर्ध्या गावाने बघितला, याची त्यांना इतकी लाज वाटली, की दिवसभर घराबाहेर पडले नाहीत. वळ्ळियम्मांनी त्यांना इडल्या आणून दिल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा असा उडवलात, तर बल्ब नाही, तुम्हालाच बदलू." तिकडे आपल्या घरी मी परीक्षा म्हणून धूर केला होता, तेव्हा माझ्या व्यवस्थेने अकराव्या मिनिटाला मला कळवलं होतं आणि आमच्या सेवेवर समाधानी आहात का असं विचारलं होतं. आता खांबावर दोन बल्ब आहेत. एक गेला तर दुसरा.

पोळ्ळाचीच्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. रक्तदाब कोइंबतूरपेक्षा उतरलाय. कागद सोबत जोडलाय, तू मागणार हे माहीत होतं.

आता मुख्य गोष्ट. हे चार दिवसांचं नाही, मलर, महिन्याचं झालंय. मी आठवड्यातले चार दिवस इथे आणि तीन दिवस तिकडे असतो. ते तीन दिवस ते दोन बल्बांच्या आणि वळ्ळियम्मांच्या स्वाधीन. दर रविवारी तू फोनवर त्यांच्या मागे जो निळ्या फुलांचा पडदा बघतेस, तो आपल्या हॉलमधला आहे, पण खिडकी आपली नाही. तो मी इथे दोरीवर बांधतो. खोटं मी करतोय, ते नाही. ते त्या पडद्यासमोर खाली मान घालून बसतात आणि तू विचारतेस, अप्पा, उतरलेले का दिसता? कालच्या रविवारी तुझा फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, 'पुढच्या वेळी मी अंगणात बसून बोलणार. पोर रागावली तर तुमच्याबरोबर परत येईन, पण पडद्यासमोर बसणार नाही.' आणि ते खरंच परत येतील. तुला शब्द दिलाय म्हणून येतील, खाटेवर पाय वर घेऊन बसतील आणि या वेळी खाली बटणही लावणार नाहीत. म्हणून हे पत्र, रविवारच्या आत. माझ्यावर रागव, हवं तेवढं. शब्द मी मोडलाय, तीन दिवसांपुरता का होईना. पण त्यांनी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही आणि हेही मागणार नाहीत. रविवारी ते अंगणात दिसले, की आश्चर्य दाखवू नकोस. जेवलात का विचार, नारळाचं विचार, आणि मग तुझ्याच मनात आत्ता आल्यासारखं, सहज, म्हण: अप्पा, तिकडेच राहा ना.

तुझाच,
कदिरवन